मटेरियल बोलतंय की त्यावरची घाण? दाह आणि जखमेच्या संशोधनात नव्यानं येणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या लॅबमध्ये नवी मुलंमुली रुजू होतात. कुणी एमएस्सी संपवून, कुणी नेट किंवा बेट देऊन, कुणी प्रोजेक्ट असिस्टंटची जाहिरात बघून. कुणी पवईला आयआयटीत, कुणी माटुंग्याला आयसीटीत, कुणी परळच्या संस्थांमध्ये, तर कुणी हार्बर लाइननं खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये. त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्याच आठवड्यात असा विषय मिळतो : एक हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल), नॅनोफायबरची चकती किंवा कायटोसान या नैसर्गिक पॉलिमरचा स्पंज तयार करा, आणि तो दाह आटोक्यात ठेवून जखम भरायला मदत करतो का ते तपासा.

विषय सुंदर आहे. पण त्यात फसायच्या जागा फार आहेत, आणि त्या कुठल्याही प्रोटोकॉलच्या कागदावर लिहिलेल्या नसतात. या लेखात मी कामाचा क्रम सांगतोय, आणि त्या क्रमामागे माझं एक ठाम मत आहे. पेशींनी जो प्रतिसाद दिला तो मटेरियललाच दिला, त्याला चिकटलेल्या बॅक्टेरियाच्या अंशाला, त्याच्या रंगाला किंवा त्याच्या विषारीपणाला नाही, हे दाखवल्याशिवाय ‘दाहशामक’ हा शब्द वहीत लिहायचा नाही. पहिले तीन-चार महिने याच एका गोष्टीसाठी द्या.

पायरी १ : जखमेचं वेळापत्रक पाठ करा

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात नोंदवली. आजही तीच पहिल्या लेक्चरमध्ये शिकवतात, आणि त्यातून एक चुकीची समजूत डोक्यात बसते : दाह म्हणजे बिघाड, तो जितका कमी तितकं बरं. जखमेच्या बाबतीत हे खरं नाही. दाह झालाच नाही तर जखम साफ होत नाही, आणि साफ न झालेली जखम भरत नाही.

क्रम असा. आधी रक्त गोठतं, काही मिनिटांत. मग काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात आणि पहिला एक-दोन दिवस त्यांचंच राज्य असतं. साधारण दुसऱ्या दिवसापासून रक्तातल्या मोनोसाइट्स आत येऊन मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी होतात. मेलेले न्यूट्रोफिल आणि जंतू ते खातात, आणि पुढे हेच मॅक्रोफेज आपला सूर बदलून कोलॅजेन विणणाऱ्या फायब्रोब्लास्टला आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींना बोलावतात. मग नवी ऊती भरते, कातडी वरून सरकते, आणि शेवटी महिनोन्‌महिने कोलॅजेनची डागडुजी चालते. एवढं सगळं होऊनही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत पोचते.

मधुमेह्याच्या पायाची जखम अडते ती बहुतेक वेळा याच वळणावर. मॅक्रोफेज पहिल्या सुरातून दुसऱ्या सुरात जातच नाहीत. म्हणून तुमच्या मटेरियलकडून नेमकं काय हवंय हे आधी ठरवा : दाह येऊच नये, की आलेला दाह वेळेवर ओसरावा? बहुतेक वेळा दुसरं उत्तर बरोबर असतं. मग एकाच वेळेला घेतलेलं एकच रीडिंग पुरणार नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

एक गोष्ट आणखी. मटेरियल म्हणजे शरीरासाठी परकी वस्तूच. १८८२ मध्ये मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती भटक्या पेशी जमलेल्या पाहिल्या. भक्षक पेशींची कल्पना तिथून आली, आणि १९०८ मध्ये त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. तुम्ही जो स्पंज शरीरात ठेवाल त्याच्याभोवतीही असाच गराडा पडणार. वस्तू पचत नसली तर मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून मोठ्या बहुकेंद्रकी पेशी होतात, आणि शेवटी वस्तूभोवती तंतूंचं जाड कवच तयार होतं. रसायन तेच ठेवून नुसता छिद्रांचा आकार बदलला तरी हे चित्र बदलतं. साधारण ३० ते ४० मायक्रॉनच्या एकसारख्या छिद्रांच्या मटेरियलभोवती कवच पातळ आणि रक्तवाहिन्या जास्त, असं अमेरिकेत बडी रॅटनर यांच्या गटानं दाखवलं आहे. म्हणून एसईएमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो केवळ पेपरमध्ये छान दिसावेत म्हणून काढायचे नसतात. छिद्रं मोजा.

पायरी २ : खरी जखम बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मुंबईत राहून ती गाळायची काहीच गरज नाही. शीव हॉस्पिटलमध्ये त्वचापेढी आहे, ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, मोठ्या हॉस्पिटलांत मधुमेही पायांच्या ओपीडी चालतात. गाईडच्या ओळखीनं, रीतसर परवानगी घेऊन, एक सकाळ ड्रेसिंग रूममध्ये उभे राहा. फोटो काढू नका, रुग्णाचं नाव वहीत लिहू नका, सिस्टरांच्या वाटेत येऊ नका. फक्त पाहा.

कोरडं गॉझ जखमेला चिकटतं. ते सुटावं म्हणून सिस्टर सलाइन ओततात आणि थांबतात. मग कडेनं हळूहळू सोडवतात, आणि तरीही नव्यानं आलेली नाजूक लाल ऊती थोडी त्याच्याबरोबर उपटून येतेच. त्या क्षणी रुग्णाची मूठ कशी आवळली जाते ते बघितलंत, की ‘मटेरियल काढताना चिकटतं का’ ही चाचणी तुमच्या यादीत आपोआप वर जाते. लॅबमध्ये बसून ती कुणालाच सुचत नाही.

याच शहरातल्या डॉक्टरांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरं वाचा. परळच्या वाडिया हॉस्पिटलमधल्या डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग भाजलेल्या मुलांसाठी वापरलं आणि १९८५ मध्ये त्यावर पेपर लिहिला. पुढे शीव हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांच्या गटानं केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासलं. व्हॅसलीन गॉझच्या तुलनेत ते काढताना दुखणं कमी, आणि बटाट्याच्या सालीपेक्षा ते बरंच स्वस्त. हे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. दोन्हींचं तत्त्व तेच : जखम ओलसर राहावी, ड्रेसिंग चिकटू नये, आणि ते महापालिकेच्या हॉस्पिटलला परवडावं. तुमचं जेल कितीही हुशार असलं तरी त्याला आधी केळीच्या पानाशी बरोबरी करावी लागेल. प्रपोजलमध्ये तुलनेसाठी ड्रेसिंग निवडताना हे लक्षात ठेवा.

पायरी ३ : एंडोटॉक्सिन

हा लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे मी रेंगाळणार आहे.

ग्राम-निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं. लॅबमध्ये सगळे त्याला एलपीएस म्हणतात; एंडोटॉक्सिन म्हणतात तेही हेच. मॅक्रोफेजवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर ते ओळखतो. एलपीएसला प्रतिसादच न देणाऱ्या उंदरांच्या एका जातीत नेमका हाच जीन बिघडलेला आहे, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं १९९८ मध्ये दाखवलं. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हा रिसेप्टर इतका तिखट आहे की मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमचा एखादा छोटा अंशसुद्धा त्याला पुरतो. आणि एलपीएस पाण्यात, धुळीत, काचेच्या भांड्यांवर, रसायनांच्या बाटल्यांत सगळीकडे असतं.

आता कायटोसान, अल्जिनेट, जिलेटिन, कोलॅजेन यांचा विचार करा. सगळे जैविक मालापासून काढलेले, बहुतेक वेळा साध्या केमिकल ग्रेडचे. जिलेटिन तर यात विशेष बदनाम आहे. तुम्ही जेल करता, ऑटोक्लेव्ह करता किंवा यूव्हीखाली ठेवता, आणि समजता की झालं स्वच्छ. बॅक्टेरिया मेले, हे खरं. पण भांडं उकळलं म्हणून त्याला लागलेली हळद जात नाही, तसं १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हनं एलपीएस जात नाही. ते जेलमध्येच राहतं. मग तुमच्या पेशी टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन ओतायला लागतात आणि तुम्ही लिहिता, ‘मटेरियल मॅक्रोफेजना उत्तेजित करतं.’ मटेरियलनं काहीच केलेलं नसतं.

काय करायचं?

काचसामान आणि स्टीलचे स्पॅच्युला फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर किमान अर्धा तास भाजा. हे ओव्हन वेगळं ठेवा, त्यात प्लॅस्टिक जाऊ देऊ नका. टिप आणि ट्यूब पायरोजेनमुक्त (एंडोटॉक्सिनसारखे ताप आणणारे अंश नसलेल्या) असं लिहिलेल्याच घ्या. पाण्यासाठी एक साधा उपाय आहे : औषधाच्या दुकानात मिळणारं इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी. त्यात एंडोटॉक्सिनची मर्यादा कायद्यानं पाळावी लागते. लॅबच्या मिलिक्यू यंत्राचं शुद्ध पाणी ऑटोक्लेव्ह केलं तरी ती हमी मिळत नाही. पॉलिमर शक्य तिथे कमी एंडोटॉक्सिनच्या ग्रेडचं मागवा. महाग पडेल. गाईड कुरकुरतील. तरीही मागा, कारण स्वस्त पॉलिमरवर घालवलेले सहा महिने त्याहून महाग पडतात.

मग मोजा. एलएएल नावाची चाचणी नालखेकड्याच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून केली जाते. एंडोटॉक्सिन दिसताच ते द्रावण गोठतं. लेविन आणि बँग यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. आता त्यातलंच फॅक्टर-सी हे प्रथिन लॅबमध्ये बनवून (पुनर्संयोजित) वापरणारे किटही मिळतात, त्यांना खेकडा लागत नाही. निकाल एंडोटॉक्सिन युनिटमध्ये येतो; १ नॅनोग्रॅम म्हणजे ढोबळमानानं १० युनिट. वैद्यकीय उपकरणांच्या अर्कासाठी अमेरिकेतली नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ०.५ युनिट आहे. आता हिशेब करा : ०.५ युनिट म्हणजे सुमारे ०.०५ नॅनोग्रॅम. संवेदनशील पेशी जवळपास एवढ्याच मात्रेला जाग्या होतात. म्हणजे उपकरण म्हणून पास झालेलं मटेरियल इम्युनॉलॉजीच्या प्रयोगात नापास होऊ शकतं. तुमची मर्यादा त्याहून खाली हवी.

कायटोसानवाल्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. कायटोसानवर धन भार असतो आणि एलपीएसवर ऋण. दोघं एकमेकांना घट्ट धरतात. त्यामुळे अर्कात एंडोटॉक्सिन कमी दिसतं आणि जेलच्या पृष्ठभागावर मात्र भरपूर असतं. चाचणीत मुद्दाम ठरावीक एलपीएस टाका आणि ते किती परत मिळतं ते पाहा. कमी परत मिळालं तर तो ‘स्वच्छ’ निकाल खरा नाही. उलट बुरशीपासून आलेल्या बीटा-ग्लुकाननं साधी एलएएल चाचणी खोटी पॉझिटिव्हही येते. मुंबईच्या जुलैत बुरशी कुठून येते हे सांगायला नको.

आणि शेवटी पेशींनाच विचारा. पॉलिमिक्सिन-बी हे अँटिबायोटिक एलपीएसला बांधून निष्क्रिय करतं. मटेरियलचा प्रतिसाद पॉलिमिक्सिननं पडला, तर तो मटेरियलचा नव्हता. पडला नाही तरी लगेच आनंद मानू नका, कारण बॅक्टेरियाची लिपोप्रथिनं टीएलआर-२ या दुसऱ्या रिसेप्टरमधून बोलतात आणि पॉलिमिक्सिन त्यांना अडवत नाही.

पायरी ४ : पेशी

सुरुवातीला बहुतेकांच्या हाती उंदराच्या रॉ २६४.७ या मॅक्रोफेजसारख्या पेशी येतात. त्या कुणाकडून तरी उसन्या घेतलेल्या नकोत. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेकडून किंवा अधिकृत पुरवठादाराकडून, पॅसेज नंबरासह (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) घ्या. आल्या आल्या पुरेशा व्हायल गोठवून ठेवा. मायकोप्लाझ्मा हा बारीक बॅक्टेरिया आहे का तपासा, कारण तो दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, आणि टीएलआर-२ मात्र चाळवतो.

पेशी सोडवायला ट्रिप्सिन हे विकर वापरू नका. रॉ पेशी स्क्रॅपरनं उचलतात, तेही हलक्या हातानं. फ्लास्क तिरका धरायचा, मीडिया एका कोपऱ्यात, आणि स्क्रॅपर एकाच दिशेनं ओढायचा. पुढे-मागे खरवडलंत तर निम्म्या पेशी मरतात आणि उरलेल्या चिडतात. शांत रॉ पेशी गोल आणि लहान दिसतात. फ्लास्क उघडल्यावर त्या पसरट, हातपाय फुटलेल्या दिसल्या तर त्या आधीच चेतवलेल्या आहेत. त्यांच्यावर प्रयोग लावू नका. पॅसेज वाढत जाईल तशी त्यांची वागणूक बदलते, म्हणून विसाच्या आत थांबा आणि नवी व्हायल काढा.

एक मर्यादा आत्ताच लिहून ठेवा. रॉ पेशींमध्ये एएससी हे प्रथिन नसतं, त्यामुळे त्यांच्यात इन्फ्लमेझोम, म्हणजे दाहाचं आयएल-१ बीटा हे प्रथिन तयार करून सोडणारा संच, नीट जुळत नाही. आयएल-१ बीटा मोजायचं असेल तर या पेशी चालणार नाहीत. पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेज केलेल्या मानवी टीएचपी-१ घ्या किंवा उंदराच्या अस्थिमज्जेतून मॅक्रोफेज तयार करा. शिवाय आयएल-१ बीटाला दोन इशारे लागतात : आधी एलपीएस, मग एटीपी किंवा नायजेरिसिन. तुमच्या मटेरियलचे बारीक कण सुटत असतील तर ते गिळून पेशीच्या आतली लायसोसोम ही पचनाची पिशवी फुटते आणि दुसरा इशारा कणच देतात. कणांबद्दल बेफिकीर राहू नका.

पायरी ५ : प्लेट कागदावर मांडा

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ वेलमधून बाष्पीभवन जास्त होतं. त्यांत नुसतं पीबीएस (मिठाचं बफर) भरा आणि आतल्या ६० वेलमध्ये प्रयोग करा. त्या ६० मध्ये काय काय हवं ते हूडमध्ये बसण्याआधी कागदावर मांडा आणि एखाद्या सीनियरला दाखवा.

नुसत्या पेशी. पेशी आणि एलपीएस. पेशी, एलपीएस आणि डेक्सामेथासोन, म्हणजे ज्ञात दाहशामक दिल्यावर तुमची पद्धत घट पकडते का हे कळेल. पेशी आणि मटेरियल. पेशी, मटेरियल आणि एलपीएस. पेशी, मटेरियल आणि पॉलिमिक्सिन. आणि ज्याला सगळे विसरतात तो कंट्रोल : पेशीच नाहीत, फक्त मटेरियल आणि बाहेरून टाकलेलं ठरावीक टीएनएफ-अल्फा. २४ तासांनी ते टीएनएफ किती उरलं ते मोजा. जेल प्रथिनं शोषून घेतं. सुपरनॅटंटमध्ये, म्हणजे पेशींवरच्या द्रवात टीएनएफ कमी दिसलं म्हणजे पेशींनी कमी सोडलं असं नाही; जेलनं ते पिऊन टाकलेलं असू शकतं. तसंच एलपीएस आणि कायटोसान एकत्र टाकलं तर कायटोसान एलपीएसलाच धरून ठेवतं, पेशीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून एक गट असाही ठेवा ज्यात पेशींना आधी एलपीएस दिलं, धुतलं, आणि मग मटेरियल दिलं.

प्रत्येक मात्रेला जिवंतपणाची चाचणी जोडीला हवीच. मेलेली पेशी टीएनएफ सोडत नाही, आणि आलेखात ती अगदी दाहशामक दिसते. आयएसओ १०९९३-५ नुसार जिवंतपणा ३० टक्क्यांहून जास्त घटला तर मटेरियल पेशींना विषारी मानतात. पण दाहाच्या प्रयोगासाठी मी १० टक्क्यांच्या घटीलाही थांबून विचार करायला सांगेन.

एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर तीन नव्हे. वेगळा दिवस, वेगळा पॅसेज, शक्यतो मटेरियलची वेगळी बॅच, असे तीन प्रयोग म्हणजे तीन.

पायरी ६ : कधी आणि काय मोजायचं

एलपीएस दिल्यावर टीएनएफ-अल्फा लवकर येतं, चार-सहा तासांत भरपूर. दाहाचं आयएल-६ मागून चढतं, दाह उतरवणारं आयएल-१० आणखी मागून. नायट्रिक ऑक्साइडचा नायट्राइट २४ तासांनी ग्रीस अभिकर्मकानं ५४० नॅनोमीटरवर मोजतात. म्हणून २, ६, २४ आणि ४८ तास अशा वेळा ठेवा. पायरी १ मधला प्रश्न, दाह ओसरतो का, त्याचं उत्तर फक्त वेळेच्या आलेखात सापडतं.

पेशीच्या आतला संदेश बघायचा असेल तर घड्याळ आणखी बारीक करावं लागतं. दाहाचे जीन चालू करणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधला. एरवी तो आयकप्पाबी या प्रथिनाच्या बंधनात सायटोप्लाझममध्ये बसलेला असतो. एलपीएस मिळालं की १५ ते ३० मिनिटांत आयकप्पाबी-अल्फा तुटतं आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो. तिथे तो जे जीन चालू करतो त्यांत आयकप्पाबी-अल्फाचा जीनही असतो, त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) नाहीशी झालेली त्याची पट्टी तासाभरात परत दिसू लागते. दाह स्वतःला लगाम घालतो तो असा, आणि पहिल्यांदा आपल्या फिल्मवर ती पट्टी नाहीशी होऊन परतताना बघण्याचा आनंद मोठा असतो. ०, १५, ३०, ६० मिनिटं अशा वेळा घ्या. २४ तासांनी लाइसेट (पेशी फोडून मिळालेलं द्रावण) काढून ‘आयकप्पाबीत फरक नाही’ असं लिहिण्याला अर्थ नाही.

मॅक्रोफेजवर मारले जाणारे ‘एम-१’ (दाह वाढवणारा) आणि ‘एम-२’ (दुरुस्ती करणारा) हे शिक्के जपून वापरा. २०१४ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन सुचवलं की मॅक्रोफेजला काय दिलं आणि त्यानं काय दाखवलं तेच लिहावं. जखमेतला मॅक्रोफेज बहुतेक वेळा या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतो.

एलायझा, म्हणजे टीएनएफसारखी प्रथिनं रंगावरून मोजणारी चाचणी, तिच्याबद्दल मुंबईपुरती एक सूचना. किटमध्ये ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं ते २२ ते २५ अंश धरून. संध्याकाळी सेंट्रल एसी बंद झाला की मे महिन्यातली आपली खोली ३२ अंशांवर जाते. टीएमबी हे रंग देणारं रसायन टाकल्यावर पंधरा मिनिटांत चढायचा निळा रंग मग सात-आठ मिनिटांतच गडद होतो, वरची दोन-तीन स्टँडर्ड एकसारखी दिसायला लागतात, आणि ब्लँकमध्येही फिकट निळी झाक येते. घड्याळ बघत बसू नका, ब्लँक बघा. तो निळा व्हायच्या आत स्टॉप सोल्युशन टाका. रंग पिवळा होईल, ४५० नॅनोमीटरवर वाचा. खोलीत थर्मामीटर टांगा आणि तापमान वहीत लिहा. एलपीएसवाले नमुने १:२० किंवा १:५० विरळ करून लावा, नाहीतर सगळी रीडिंग छताला टेकतात.

हळदीवाल्यांसाठी

आपल्याकडे या विषयात आलेल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला जेलमध्ये हळदीतलं करक्यूमिन घालावंसं वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. जखमेवर हळद दाबणारी आजी आपल्या प्रत्येकाच्या घरात होती. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हे माशेलकर गिरगावात वाढलेले, आणि माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत शिकलेले. त्याचा अभिमान मलाही आहे. पण तो खटला जिंकला गेला तो ‘हे ज्ञान नवं नाही’ या मुद्द्यावर. करक्यूमिन पेशीत नेमकं काय करतं हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे हा रेणू फार फसवतो.

ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं, जिवंतपणा मोजायच्या एमटीटी या रसायनाशी थेट प्रक्रिया करू शकतं, आणि सीरम नसलेल्या उदासीन बफरमध्ये ३७ अंशांवर अर्ध्या तासात बहुतेक सगळं मोडून जातं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रातल्या एका गाजलेल्या आढाव्यानं या सगळ्याची झाडाझडती घेतली. करक्यूमिनवर काम करणाऱ्यानं तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एलएएलची रंग मोजणारी चाचणी ४०५ नॅनोमीटरवर वाचतात, तिथेही पिवळा रंग आडवा येतो. तेव्हा पेशींशिवाय नुसत्या करक्यूमिनचे वेल प्रत्येक रंगचाचणीत ठेवा. करक्यूमिन ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचं प्रमाण सगळ्या गटांत सारखं आणि ०.१ टक्क्याच्या आत हवं. जिवंतपणा दुसऱ्या एखाद्या पद्धतीनंही पडताळा. एवढं करूनही परिणाम टिकला तर तो खरा, आणि तो आनंदानं छापा.

पायरी ७ : परवानग्या

या लवकर सुरू करा, कारण समित्यांच्या बैठका रोज होत नाहीत. माणसाचं रक्त घ्यायचं तर संस्थेची एथिक्स कमिटी, सहकाऱ्याचं रक्त असलं तरीही. जीन बदललेल्या पेशी किंवा व्हायरस असतील तर जैवसुरक्षा समिती. उंदीर असतील तर संस्थेची प्राणी नीतिसमिती, जी प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए या समितीच्या नियमांनी चालते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, आणि माखलेला कापूस व ऊती पिवळ्यात जातात. हे सगळं शेवटी सफाई करणाऱ्या मावशी-काकांच्या हातातून जातं. टिपच्या डब्यात सुई टाकाल तर ती त्यांना टोचेल.

पायरी ८ : पावसाळा आणि लोकल

जून ते सप्टेंबर इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी येते. दर आठवड्याला ट्रे रिकामा करून, पुसून, निर्जंतुक पाणी भरा. फ्रीझ-ड्राय केलेले स्पंज हवेतला ओलावा ओढून आक्रसतात, त्यांची छिद्रं मिटतात. लायोफिलायझरमधून काढल्याबरोबर ते सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि महिन्यापूर्वीच्या स्पंजवर नवा प्रयोग लावू नका.

वेळेचे प्रयोग लावताना घरची वाट मोजा. सकाळी दहाला एलपीएस दिलं तर सहा तासांचा नमुना चारला आणि २४ तासांचा दुसऱ्या दिवशी दहाला येतो. दुपारी तीनला सुरू केलंत तर सहा तासांच्या नमुन्यासाठी रात्री नऊ वाजतील आणि डोंबिवली-विरारवाल्यांची गाडी चुकेल. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर ४८ तासांचा प्रयोग लावूच नका, किंवा जवळ राहणाऱ्या एखाद्याला आधी विचारून ठेवा. सुपरनॅटंट छोट्या-छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवा, म्हणजे एलायझा सोयीच्या दिवशी करता येईल आणि तोच नमुना पुन्हापुन्हा वितळवावा लागणार नाही.

पायरी ९ : उंदरापर्यंत जाण्याआधी

स्क्रॅच चाचणीत प्लेटमधल्या पेशींच्या थरावर २०० मायक्रोलिटरच्या टिपनं रेघ मारतात आणि ती भरते का बघतात. ती पेशी सरकल्यानंही भरते आणि वाढल्यानंही. सीरम कमी ठेवा किंवा मायटोमायसिन-सी देऊन वाढ थांबवा, आणि फोटो नेमक्या त्याच जागेचे घ्या. प्लेटच्या तळाला बाहेरून मार्करनं खूण केली की जागा सापडते. रेघ भरली याचा अर्थ जखम भरली असा मात्र लावू नका. तिथे ना रक्त आहे, ना न्यूट्रोफिल, ना जंतू.

उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आक्रसून मिटते, तर माणसाची बरीचशी नव्या ऊतीनं भरते. म्हणून जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाक्यांनी बसवतात, म्हणजे आक्रसणं थांबतं. कडी सैल झालेला उंदीर हिशेबातून कधी काढायचा याचा नियम प्रयोगाआधीच लिहून समितीला द्या.

नुसत्या क्षेत्रफळाच्या फोटोंवर थांबू नका. ऊती घ्या, तिच्या कापांना एच अँड ई हा नेहमीचा रंग द्या, कोलॅजेनसाठी मॅसन ट्रायक्रोम द्या, आणि निदान तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवसाचे नमुने ठेवा, म्हणजे दाह चढतानाही दिसेल आणि उतरतानाही. स्लाइड मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. हिस्टॉलॉजीच्या खोलीत रांग असते, म्हणून उंदीर सुरू करतानाच तिथली तारीख मागून ठेवा. आणि कॅसेटवर नाव घालताना पेन वापरू नका, पेन्सिल वापरा. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये शाई धुऊन जाते.